मनीमामांची टोपली

मनीमामांच्या मांडीवर मांजर नसेल तर त्या दिवशी कारखान्यात आखणी होत नसे. आखणी म्हणजे गणपतीच्या मूर्तीचे डोळे आणि भुवया रंगवण्याचं काम. पेणमध्ये मूर्ती घडवणारे हात पुष्कळ, डोळे काढणारे मोजके, आणि आमच्या गल्लीतल्या तिन्ही कारखान्यांतले डोळे मनीमामांच्या हातचे. ते पाट ओढून मांडी घालायचे आणि एखादी भाटी नाहीतर बोका येऊन मांडीवर वेटोळं करून बसेपर्यंत ब्रशला हात लावायचे नाहीत. कारखान्याचे शेठ घाईला आलेले असायचे. "मामा, उद्या गाडी भरायचीय!" मामा पाटावरूनच म्हणायचे, "मांडीवर वजन नसलं की हात उडतो माझा. देव चकणा झाला तर तुम्ही नेणार काय घरी?" यावर शेठ स्वतः उठून मांजर शोधायला जायचे. बोक्याला काखेत मारून येणारे शेठ मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत होतं. खाकी अर्धी चड्डी, बंडी, कानामागे ब्रश, आणि अंगाला रोगणाचा आणि सुक्या जवळ्याचा मिळून एक वास. लग्न केलं नव्हतं. कारखान्याच्या मागच्या खोलीत राहायचे. मांजरांना ते कधी हाका मारत नसत. रंगाच्या करवंटीवर ब्रशची मागची बाजू दोनदा वाजवायची, टक टक, की पत्र्यावरून, गटाराकडून, मूर्तींच्या फळ्यांखालून मांजरं निघायची. आमच्या गल्लीत पोरांना जेवायला चारचार हाका माराव्या लागत, पण मामांची मांजरं दुसऱ्या टकटकीची वाट बघत नसत.

सकाळी बाजारात गेले की कोळणी त्यांच्यासाठी मासळीची मुंडकी बाजूला ठेवायच्या. श्रावण आला की गल्लीतल्या बायका त्यांना चिडवायच्या, "काय मामा, श्रावणात पिशवीतून म्हावऱ्याचा वास येतो तो?" मामा पिशवी उघडून दाखवायचे. "श्रावण मी पाळतो. त्यांना कुणी सांगितलाय?" स्वतः महिनाभर वरणभात खायचे आणि त्याच हातांनी मुंडकी उकडायचे. जखमी मांजर दिसलं तर मात्र सगळं काम बाजूला. एका बोक्याचा पाय सायकलखाली आला, तेव्हा काथ्या आणि मूर्तींचं प्लास्टर घेऊन त्यांनी त्याला पाय बांधून दिला होता. बोका महिनाभर पांढरा बूट घालून हिंडत होता. "प्लास्टरचा एवढा एकच उपयोग खरा," असं ते म्हणायचे.

प्लास्टरवर त्यांचा राग होता त्याला कारण होतं. आधी आमच्या गल्लीत कागदाच्या लगद्याच्या मूर्ती व्हायच्या. लगद्यात खळ असायची आणि ती खळ खायला उंदीर यायचे. रात्रीत एखाद्या मूर्तीचा कान नाहीतर सोंडेचं टोक गायब. म्हणून प्रत्येक कारखान्याला मांजर लागायचं, आणि ते मामाच द्यायचे. बेवारस पिल्लं आणायची, महिनाभर दूधभात घालून मोठी करायची आणि कारखाना बघून सोडायची. शेठला आधी ताकीद मिळायची, "कामाला देतोय, पण उपाशी ठेवायची नाय. उपाशी मांजर उंदीर धरत नाय, चोऱ्या करतं." आणि त्यांचा एक नियम होता, दिलेलं मांजर आठ दिवसांनी जाऊन बघायचं. न सांगता जायचं, शेठच्या आधी मांजराला भेटायचं, पोटाखाली हात घालून बघायचं. नीट नसलं तर काखेत मारून परत आणायचं. मी कचेरीत नव्यानं नोकरीला लागले होते, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर असल्या फेऱ्यांना जायची. "देणं सोपं असतं गो," ते चालता चालता सांगायचे, "आठ दिवसांनी बघायला जाणं, ते काम." मांजराला हात कसा लावायचा, आजारी मांजराला औषध कसं पाजायचं, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. आजही हातात घेतलेलं मांजर मला ओरबाडत नाही, ते त्यांचंच देणं.

मग प्लास्टर आलं. झटपट, हलकं, साच्यातून भराभर निघणारं. आणि प्लास्टर उंदीर खात नाहीत. दोन-तीन वर्षांत कारखान्यांना मांजरं नकोशी झाली. ओल्या मूर्तीवर पंजे उमटतात म्हणून उलट हाकलायला लागले. पण लोकांच्या सवयी कुठं बदलतात? कुणाच्या माळ्यावर भाटी व्याली की पिल्लं मनीमामांकडे. सकाळी दार उघडलं की दाराशी खोका. कोणी विचारायचंसुद्धा नाही. मनीमामा आहेत, ते बघतील. मी तरी वेगळी कुठं होते?

त्याच सुमारास एक छान बातमी गल्लीत पसरली. मामांची बहीण रोह्याला दिली होती, तिच्या घरची भाताची गिरण होती. गिरण म्हटली की उंदीर आलेच. "ताय म्हणते, कितीपण मांजरं आण," मामांनी सांगितलं. "तिची गिरण हाय, शेजारच्या गिरण्या हायत. सगळ्यांची सोय होते." रेल्वे रोह्यापर्यंत येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. महिन्यातून एकदा मामा झाकणाची वेताची टोपली घेऊन सकाळच्या गाडीला जायचे आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परत यायचे. गल्ली सुखावली. आम्ही सगळे किती दयाळू लोक आहोत असं आम्हालाच वाटायला लागलं.

माझी सोनी त्याच टोपलीतून गेली. सोनी पिवळी भाटी, डाव्या कानाला जन्मापासूनची खाच. चार वर्षं माझ्या पांघरुणात झोपलेली, उंदीर दिसला तर माझ्यामागे लपणारी. वहिनीला दिवस गेले आणि घरातल्या मोठ्या बायकांनी ठरवलं की मांजर नको. मी भांडले, दोन दिवस जेवले नाही. दादा म्हणाला, "अगं, मामांकडे दे ना, रोह्याला राणीसारखी राहील." मामांनी मला समोर बसवलं. "माझ्यावर विश्वास हाय ना तुझा? मग रडतेस कशाला?" मी सोनीबरोबर तिची ताटलीसुद्धा दिली. ॲल्युमिनियमची, काठाला पोचा आलेली. दुसऱ्या भांड्यात ती तोंड घालायची नाही. टोपलीचं झाकण मामांनी लावलं तेव्हा सोनी ओरडली नाही. मामांच्या हाताला ती ओळखत होती.

पुढं दोन वर्षं मला सोनीच्या बातम्या मिळाल्या. मामा रोह्याहून आले की मी संध्याकाळी कारखान्यावर जायची आणि ते सांगायचे. सोनी कोंड्याच्या पोत्यावर झोपते. सोनी अंगानं भरली. तायचा नवरा तिला सुंदरी म्हणतो. सोनीला तीन पिल्लं झाली, एकाच्या शेपटीला पांढरं टोक हाय. "उंदीर धरते?" मी हसून विचारायची. "आता धरते. आधी घाबरायची. तायनं शिकवलं." मी घरी जाऊन हे सगळं वहिनीला ऐकवायची. शेपटीचं पांढरं टोक तर मला स्वप्नात दिसायचं. दोन वर्षांत मी एकदाही रोह्याला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, सोनीला बघून पुन्हा रडू येईल, असलं काहीतरी मनात यायचं. सुख सांगणारा माणूस घरबसल्या मिळाला होता.

मग माझी बदली झाली, नेमकी रोह्याला. पहिल्याच रविवारी पाव किलो पेढे आणि सुक्या जवळ्याची पुडी घेऊन मी गिरण शोधत गेले. गिरण होती. मामांची बहीणही होती, मामांसारखीच मोठ्या कपाळाची, पदर नाकाला लावलेली. पेणची म्हटल्यावर तिनं चहा टाकला. मी विचारलं, "सोनी कुठं आहे? म्हणजे तुमची सुंदरी?"

"कोण सुंदरी?"

"मांजर. मामांनी आणून दिलेली."

ती हसायलाच लागली. "मांजर? गो बाय, मला कोंड्यानं दमा हाय, त्यात मांजराचा केस नाकात गेला की मी संपली! त्यानं पयल्यांदा आणलेली दोन पिल्लं, मी उंबऱ्यातूनच परत धाडली. मग नाय आणली कधी. येतो, जेवतो, रिकामी टोपली घेऊन जातो. मी बोलते, बाजाराला आणतोस काय ती टोपली?"

शेजारच्या गिरणीतही मी विचारून पाहिलं. कुणाकडेच पेणचं मांजर नव्हतं. पेढे तिथंच ठेवून मी निघाले. जवळ्याची पुडी हातात तशीच.

रिकामी टोपली घेऊन माणूस रोह्याला पोचतो, म्हणजे टोपली वाटेत रिकामी होते. पुढच्या रविवारी तीच पुडी पिशवीत टाकून मी पॅसेंजरनं निघाले आणि प्रत्येक स्टेशनवर उतरून विचारायचं ठरवलं. निडीला काही नाही. नागोठण्याला कुणी काही पाहिलं नव्हतं. कासूला प्लॅटफॉर्मच्या टोकाशी एक बाई काकड्या घेऊन बसली होती, तिला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "टोपलीवाला म्हातारा? व्हय, येतो ना. हितंच उतरतो. त्या झाडाखाली टोपली उघडतो, जवळा टाकतो, बसून ऱ्हातो. दुसरी गाडी आली की जातो."

"आणि मांजरं?"

"कोण ऱ्हातात, कोण जातात. कुत्री हायत, गाडी हाय, पाऊस हाय." तिनं एका काकडीवरची माती पुसली. "एक पिल्लू मी मागून घेतलेलं त्याच्याकडनं, पयल्यांदा आलेला तेव्हा. ते हाय माझ्या घरी. चांगला बोका झालाय."

तिच्या कोंबड्या मागं ॲल्युमिनियमच्या ताटलीत पाणी पीत होत्या. काठाला पोचा होता. मी ती ताटली मागितली नाही. हात लावायचंही धाडस झालं नाही.

तिथूनच मी पेणला गेले. श्रावण लागला होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मामा आखणी करत होते, मांडीवर एक काळी भाटी. आखणी चालू असताना त्या माणसाशी बोलायचं नाही, हा कारखान्याचा कायदा. मी उभी राहिले. त्यांनी एक डोळा पुरा केला, दुसऱ्याला हात घातला. मोठी मूर्ती होती. मी अर्धा तास तिथं उभी होते आणि एवढा राग असूनही तो कायदा मोडला नाही, याचा मला अजून राग येतो. दुसरी भुवई झाल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आलीस गो? रोहा मानवलं काय?"

"मामा, सोनी कशी आहे?"

"बरी हाय! परवाच गेलो नव्हतो काय. पुन्हा पोटुशी हाय ती."

त्यांना माहीत होतं की मी रोह्यात राहते. तरी ते इतकं सहज बोलले. दोन वर्षांतल्या सगळ्या खोट्यांपेक्षा हे एक मला जास्त लागलं. मी म्हणाले, "मी गिरणीवर जाऊन आले. कासूलाही जाऊन आले."

मामांनी मांडीवरच्या भाटीला हळूच खाली ठेवलं. कारखान्यातले दोघे-तिघे आमच्याकडे बघायला लागले. "चल मागं," ते म्हणाले. मी म्हणाले, "इथंच बोला."

"तायनं नाय म्हटलं," ते म्हणाले, "तेव्हा परतीला कासूला उतरलो. एका बाईनं पिल्लू मागून घेतलं. मला वाटलं, जागा चांगली हाय, माणसं चांगली हायत. दुसरं मी झाडाखाली सोडलं. पुढं तेच होत गेलं. पुढं नेऊन करणार काय होतो? आणि परत आणून ठेवणार कुठं? दाराशी रोज खोका."

"आणि सोनी?"

"तिच्यापाशी दोन गाड्या जाईपर्यंत बसलो. ती टोपलीतनं बाहेरच येईना. शेवटी उचलून खाली ठेवली." ते जमिनीकडे बघत होते. "तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर नव्हती. ताटली होती."

"मग तिसऱ्या दिवशी मला का नाही सांगितलंत? तीन पिल्लं कुठून आणलीत? पांढरं टोक कुठून आणलंत?"

"तू दर वेळी विचारायला यायचीस. तुझं तोंड बघवायचं नाय." मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांचाही आवाज चढला. त्यांना चढ्या आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "सगळ्या गल्लीनं मला पिल्लं दिली. एक माणूस रोह्याला बघायला गेला? आठ दिवसांनी बघायला जायचं असतं, तुला कुणी शिकवलं? तू दोन वर्षांनी गेलीस!"

ते खरं होतं. पण खरं असलं म्हणून मला ते त्यांच्या तोंडून ऐकून घ्यायचं नव्हतं. मी म्हणाले, "तुमच्यावर विश्वास होता म्हणून गेले नाही." आणि जवळ्याची पुडी पाटावर ठेवून बाहेर पडले. कुणीतरी मागून हाक मारली. मी वळले नाही.

त्यानंतर मी मनीमामांशी बोलले नाही. पेणला जायची, पण त्या गल्लीतून नाही, मागच्या रस्त्यानं. दादा सांगायचा की मामा आता कुणाची पिल्लं घेत नाहीत, दाराशी खोका दिसला की स्वतः उचलून ज्याचा त्याला नेऊन देतात, आणि लोक त्यांना शिव्या घालतात. एका दिवाळीत त्यांनी दादाकडून निरोप धाडला, "तिला सांग, कासूला जात नाय आता." मी उत्तर पाठवलं नाही. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले, आखणी सुटली. ते गेले तेव्हा मला कळलं चौथ्या दिवशी. दादा म्हणाला, तिरडी उचलली तेव्हा मांजरं पत्र्यावर ओळीनं बसली होती. मला ते खरं वाटत नाही. पेणच्या लोकांना गोष्टी चांगल्या करून सांगायची सवय आहे.

मी रोह्यातच राहिले. मांजरं माझ्या मागंही लागली, कशी ते मला माहीत नाही. स्टीलच्या वाटीवर चमचा दोनदा वाजवला की येतात. आमच्या कॉलनीत आता पिल्लांचे खोके माझ्या दाराशी येतात, आणि माझा एकच हट्ट आहे. ज्यानं पिल्लू दिलं त्यानं माझ्याबरोबर नव्या घरी यायचं, आणि आठ दिवसांनी पुन्हा यायचं. लोक मला आडून खडूस म्हणतात. समोरच्या काकूंचा मात्र इलाज नव्हता. त्यांचा पाय मोडला होता, मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, आणि त्यांची ठिपक्यांची मांजर कुठंतरी द्यायची होती. मी ती एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे दिली, आठ दिवसांनी बघून आले, चांगली होती. दुसऱ्या महिन्यात तिला कुत्र्यांनी फाडलं.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. "कशी आहे गं माझी ठिपकी?" आणि माझ्या जिभेवर लगेच आलं, बरी आहे, अंगानं भरलीय. एक शब्दही शोधावा लागला नसता. मी जीभ चावली आणि खरं ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "मला सांगितलं नसतंस तर चाललं असतं. मी काय आता बघायला येणार होते?" त्यांनी फोन ठेवला. नंतर त्यांनी मला कधी फोन केला नाही.

त्या दिवशी मी खूप वेळ गॅलरीत बसून होते. मामांना हे सगळं माझ्या आधी कळलं होतं, माणसांना काय ऐकायचं असतं ते. काकूंच्या बाबतीत ते कदाचित बरोबरही ठरले असते. काकू पुण्याला होत्या, ठिपकी संपलेली होती, कुणाच्याही हातात काही उरलं नव्हतं. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. सोनी त्या झाडाखाली टोपलीतून बाहेर यायला तयार नव्हती, त्या संध्याकाळी मामा परत आले आणि मी त्यांना विचारलं, पोचली का? ते म्हणाले, पोचली. खरं सांगितलं असतं तर मी रडले असते, त्यांना वाट्टेल ते बोलले असते, पण पुढच्या गाडीत चढले असते. हाक मारली असती तर सोनी आली असती. माझ्याजवळ दोन दिवस होते, आणि पेणहून कासू पुढचंच स्टेशन आहे.